दारावरचा आकडा

गोंदियात कोणी विचारलं, "तुम्ही करता काय हो?" तर मी "कंप्यूटरचं" म्हणतो आणि विषय तिथंच संपतो. लोकांना वाटतं, प्रिंटरमध्ये शाई भरत असेल. माझ्या सासऱ्यांना तर शेवटपर्यंत तसंच वाटलं. दर दिवाळीला ते मला आपला बंद पडलेला रेडिओ आणून दाखवत आणि मी दर दिवाळीला तो आणखी बिघडवत असे.

खरं सांगायचं तर मी कुलपं लावतो. दिसत नाहीत अशी. दवाखाने, शाळा, राइस मिल, फोटोवाले, संस्था, सगळे आता आपली कागदपत्रं इंटरनेटवरच्या साठवणुकीत ठेवतात. त्याला क्लाउड म्हणतात. ढगाबिगाशी त्याचा काही संबंध नाही. दुसऱ्या कुणाच्या तरी मोठ्या गोदामात आपण भाड्यानं घेतलेली जागा, एवढंच ते. गोंदियातल्या माणसाला गोदाम समजावून सांगावं लागत नाही. तर समजा, गोदामात तुमची पोती आहेत आणि दारावर राखणदार आहे. हा राखणदार कसा वागेल, ते तुम्ही ठरवायचं. एकाला सांगून ठेवता येतं की मालक स्वतः आला आणि ओळख पटली, तरच पोतं दे. दुसऱ्याला सांगता येतं की कोण आहेस ते विचारू नकोस, फक्त पोत्याचा नंबर विचार. नंबर बरोबर सांगितला की दे काढून. हा दुसरा राखणदार लोकांना फार आवडतो. कटकट नाही, पासवर्ड नाही, लिंक दाबली की फाइल हजर. माझी निम्मी हयात या दुसऱ्या राखणदाराला कामावरून काढण्यात गेली.

रोज सकाळी चहाच्या आधी माझा एक नेम असतो. बायकोचा फोन घेतो. त्या फोनवर माझी कुठलीच ओळख नोंदलेली नाही, म्हणजे गोदामाच्या लेखी मी परका. त्या परक्याच्या फोनवरून मी माझ्या सगळ्या गिऱ्हाइकांच्या फाइली उघडायचा प्रयत्न करतो. "परवानगी नाही" असं आलं की पुढची. सगळीकडे परवानगी नाही, परवानगी नाही असं वाचून झालं की मला बरं वाटतं आणि मग चहा गोड लागतो. बायको म्हणते, दुनियेत सकाळी सकाळी नकार ऐकून खूश होणारा हा एकच माणूस असेल.

या धंद्यात मी चांगला आहे. हे लिहिताना संकोच वाटत नाही. गोंदियाला लागून असलेल्या मुर्रीच्या घरातल्या माझ्या खोलीतून आज जी कुलपं लागली आहेत, ती कुणी उघडून दाखवावीत. पण मी चांगला कसा झालो, ते बरीच वर्षं कुणाला सांगितलं नव्हतं. मी मुळात कमी बोलणारा. त्याचा फायदा असा की माणूस काही लपवतोय असं कुणाला वाटत नाही.

आधी एक हसायची गोष्ट सांगतो. ती आधी सांगण्याला कारण आहे.

गोंदियात एक शिकवणीचे सर होते. त्यांच्या चाचणी परीक्षांचे पेपर अशाच गोदामात ठेवलेले. पेपर संपला की ते त्याची लिंक मुलांना द्यायचे, घरी जाऊन पुन्हा सोडवा म्हणून. एका वर्षी त्यांच्या मुलांना एकदम अक्कल फुटली. तिसऱ्या चाचणीपासून सगळ्यांना शंभरातले नव्वद. सरांनी पेढे वाटले. मला बोलावलं ते वेगळ्याच कामासाठी, वायफाय जात होतं. मी सहज त्यांच्या लिंका पाहिल्या आणि विचारलं, "सर, मुलांचे मार्क अचानक कसे वाढले?"

"अरे भाई, बच्चे मेहनत कर रहे हैं, तुम लोगों को हजम नहीं होता!"

"पाचव्या चाचणीचा पेपर कधी ठेवला तुम्ही?"

"कल रखा. पण लिंक कोणालाच दिली नाही ना मी. दूंगा पेपर होने के बाद."

मी त्यांच्या शिपायाचा फोन मागून घेतला. चौथ्या चाचणीची लिंक उघडली, शेवटचा चारचा आकडा खोडून तिथं पाच लिहिला. पाचव्या चाचणीचा पेपर उघडला, उत्तरांसकट. सर खुर्चीत मागे रेलले.

"मतलब... सब को पता था?"

"ज्याला पाचपर्यंत मोजता येतं त्याला."

ही गोष्ट मी वर्षभर जिथं तिथं रंगवून सांगितली. लोक हसायचे, मीही हसायचो. हे आधी सांगितलं, कारण पुढं जे झालं त्यात "मला माहीत नव्हतं" असं म्हणायची सोय मला नाही.

त्याच वर्षी एका संस्थेचं काम माझ्याकडे आलं. संस्था चांगली. आमच्या पट्ट्यात सिकलसेलचं प्रमाण आहे, तर गावोगाव रक्त तपासायचं आणि ज्याचा त्याला अहवाल पोचवायचा. सिकलसेल हा रक्ताचा आजार, आईबापाकडून येतो. पण सगळ्यात जास्त असतात ते वाहक. वाहक माणूस आजारी नसतो. तो शेतात राबतो, म्हातारा होतो, त्याला काही होत नाही. फक्त वाहकाचं लग्न वाहकाशीच झालं, तर मुलाला आजार होऊ शकतो. म्हणून लग्नाआधी दोघांनीही तपासून घ्यावं. एवढाच त्याचा अर्थ. पण गावात "वाहक" हा शब्द कागदावर आला की पुढचं कोणी वाचत नाही.

रक्त घ्यायला डॉक्टर यायचे, पण घरोघरी जाऊन माणसं आणायची ती आशाताईंनी. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, तलावाखालचं धानाचं एक गाव. गावाचं नाव लिहीत नाही. तिथल्या आशाताई शकुनताई. माझ्याच वयाच्या, आवाज खणखणीत, खांद्याला पिशवी, पिशवीत वही आणि खडू. खडू कशाला, तर पोलिओच्या मोहिमेपासूनची सवय. घरात काम झालं की चौकटीवर बरोबरची खूण करायची. दार उघडलं नाही किंवा कोणी घरी नसलं तर फुली. फुलीचं घर म्हणजे पुन्हा जायचं घर. आणि सगळ्या घरांना त्यांनी आकडे दिलेले. गावाच्या तोंडापासून एक, दोन, तीन. प्रत्येक चौकटीवर गेरूनं ठळक लिहिलेले.

मला अहवालांच्या फाइलींना नावं द्यायची होती. शकुनताईंची वही इतकी नेटकी की मी तीच उचलली. आधी गावाची अक्षरं, मग घराचा आकडा, मग घरातल्या माणसाचा. एक्केचाळीस नंबरच्या घरातलं तिसरं माणूस, तर शेवटी एक्केचाळीस-तीन. काम सोपं झालं. संस्थेचे साहेब माझ्यावर खूश झाले. मी स्वतःवर खूश झालो.

कुलूप मी पहिल्यांदा नीटच लावलं होतं. ओळख पटल्याशिवाय फाइल उघडायची नाही. मग शकुनताईंचा फोन सुरू झाला. त्या गावात नेटवर्क फक्त तलावाच्या पाळीवर.

"भाऊ, पाळीवर उभी आहो मी. पाय भाजून राहिले. तुमचा ते कागद मनते का परवानगी नाही. परवानगी कोनाची पायजे, सरपंचाची का?"

"ताई, तुमचा पासवर्ड टाका."

"पासवर्ड पोराच्या फोनात आहे. पोरगा नागपूरले आहे. मी का नागपूरले जाऊ का आता?"

असे फोन दिवसाला दहा-पंधरा, वेगवेगळ्या गावांहून. साहेब म्हणाले, अहवाल आठ दिवसांत पोचले पाहिजेत, काय वाटेल ते करा. एका दुपारी मी वैतागून एक खटका दाबला. राखणदार बदलला. आता तो फक्त नंबर विचारणार होता. दोन मिनिटांचं काम. शकुनताईंचा फोन आला, "उघडला भाऊ! देव तुमाचा भला करो." मी मनाशी म्हटलं, शिबिरं संपली की खटका पुन्हा जागेवर. शिबिरं संपली. मी विसरलो असं म्हणायचा मोह होतो. पण विसरलो नव्हतो. कुलूप लावलं की फोन पुन्हा सुरू होणार, हे मला ठाऊक होतं. म्हणून राहू दिलं.

त्या गावातल्या एक्केचाळीस नंबरच्या घरात एक मुलगी होती. तिचंही नाव लिहीत नाही. तेवढं तरी मी शिकलोय. तिची सोयरीक जमत आली होती. मुलाकडचे पाहून गेले, मुलगी पसंत, बोलणी बाकी. त्यात मुलाचा मामा होता, शिकलेला. या मामाची बहीण त्याच गावात दिलेली, सतरा नंबरच्या घरात. रविवारी मुलगी पाहून झाल्यावर मामा बहिणीकडे थांबला. बहिणीच्या फोनवर तिच्या घरच्यांचे अहवाल होते, शकुनताईंनी पाठवलेले. मामानं लिंक पाहिली. शेवटी सतरा-एक. मान वर केली, तर समोर चौकटीवर गेरूनं लिहिलेलं सतरा. आणि सकाळी ज्या घरी पोहे खाल्ले, तिथल्या चौकटीवर काय होतं, ते त्याला आठवत होतं.

दोन दिवसांनी निरोप आला. मुलीच्या रक्तात दोष आहे, आम्हाला जमणार नाही. आपल्या मुलाचं रक्त त्यांनी तपासलंच नव्हतं.

शकुनताईंनी मला फोन केला. त्या दिवशी आवाज खणखणीत नव्हता.

"भाऊ, पोरीचा ते कागद तिच्याकडं आन माह्याकडंच होता. मी कोनाले सांगितला नाही. तुमच्याकून त काही गेला नाही ना?"

मी म्हटलं, "नाही ताई. इकडे सगळं बंद असतं."

फोन ठेवला आणि मग नोंदी उघडल्या. गोदामात कोणती फाइल किती वाजता काढली गेली, याची यादी राहते. त्या रविवारी दुपारी सतरा-एक ही फाइल उघडली होती. त्यानंतर एक्केचाळीस-एक. मग एक्केचाळीस-दोन. मग एक्केचाळीस-तीन. बाप, आई, मुलगी. पुढं चार नाही, बेचाळीस नाही, काहीच नाही. हवं ते मिळाल्यावर माणूस जसा थांबतो, तशी ती यादी थांबली होती. सगळं मिळून मिनिटभराचं काम.

मी खटका बंद केला. सगळ्या गावांच्या सगळ्या फाइलींचा. नावं बदलली, आकडे काढून टाकले, मोजता येणार नाहीत अशी लांबच लांब अक्षरं घातली. जुना आकडा कुणी टाकलाच, तरी राखणदार "परवानगी नाही" एवढंच म्हणेल, असं केलं. असं कुलूप मी आयुष्यात इतक्या मनापासून लावलं नव्हतं. ते लावून झालं तेव्हा ताईंना परत फोन करायला हवा होता. "ताई, मघाशी मी खोटं बोललो," एवढंच. तो फोन मी केला नाही.

का केला नाही, याचा मी पुष्कळ विचार केलाय. नोकरीची भीती म्हणावी, तर काम माझ्याकडे भरपूर होतं. खरं कारण लहान आहे. शिकवणीच्या सरांची गोष्ट सांगून मी लोकांना हसवत होतो. तीच चूक मी केली, हे मला कुणाच्या तोंडून ऐकायचं नव्हतं.

मग गावानं आपला हिशोब केला. कागद शकुनकडे होता, तर शकुननंच सांगितलं. यात कुणाला शंकाच आली नाही. इंटरनेटवरून कागद दिसला असेल, हे कुणाच्या डोक्यात येणार? सतरा नंबरवाल्यांनीही तोंड उघडलं नाही. पुढच्या वर्षी संस्थेचं शिबिर त्या गावात पुन्हा लागलं, तर रक्त द्यायला चार माणसं आली. बाया आपल्या बाळंतपणाला शेजारच्या गावच्या आशाताईंना फोन करू लागल्या. शकुनताई गल्लीतून निघाल्या की एखादी ओट्यावरून बोलायची, "आली पाहा. रगत घेऊन जाईल आन बाजारात वाचून दाखवील." हे मला संस्थेच्या गाडीचा ड्रायव्हर सांगायचा. गावोगावच्या गमती सांगाव्यात, तसा हसत. मी खिडकीबाहेर पाहायचो.

सहा वर्षं गेली. या सहा वर्षांत मी गोंदिया जिल्ह्यातला या कामातला जाणकार माणूस झालो. मघाशी सांगितलेला सकाळचा नेम, कागद फुटला त्याच आठवड्यात सुरू झाला आणि एक दिवस चुकला नाही. बोदलकशाच्या तलावावर लग्नाआधीचे फोटो काढणारा एक तिरोड्याचा फोटोवाला आहे. त्याच्या सगळ्या जोड्यांचे फोटो उघडे पडले होते. मी कुलूप घातलं तर मलाच म्हणतो, "दादा, फोटो देखने के लिए ही तो होते हैं!" त्याला मी अर्धा तास झापलं. एवढं की तो घाबरून म्हणाला, "दादा, तुम्हारे घर में किसी का था क्या?"

मागच्या वर्षी तालुक्याला आशाताईंचं प्रशिक्षण लागलं. विषय, लोकांची माहिती जपणे. बोलायला मी. सभागृहात शंभरेक बाया, पंखे घरघरत होते. मी गोदाम सांगितलं, राखणदार सांगितला, सरांच्या पेपरची गोष्ट सांगितली. बाया पदर तोंडाला लावून हसल्या. शेवटी मी म्हटलं, "कुणाला काही विचारायचं आहे?"

तिसऱ्या रांगेतून शकुनताई उठल्या. केस पांढरे झाले होते, आवाज परत खणखणीत.

"सर, एक विचारतो. आमच्या गावातल्या एका पोरीचा कागद फुटला. माह्याकडून गेला नाही. तुमी मनता, तुमच्याकडून बी गेला नाही. मंग गेला कोटून?"

मी पाण्याचा ग्लास उचलला. "तांत्रिक बाब असते ताई. तपासावं लागेल."

"सहा वर्सं झाली सर. तपासून राहिले का अजून?"

बाया पुन्हा हसल्या. शकुनताई खाली बसल्या.

जेवणाच्या सुट्टीत त्या आवारातल्या कडुनिंबाखाली एकट्या बसलेल्या. डब्यात भात आणि लाखोरीची डाळ. मी जाऊन समोर बसलो आणि सांगितलं. खटका, आकडे, ती यादी, एक-दोन-तीन, आणि फोनवरचं खोटं. कुठंही थांबलो नाही. थांबलो असतो तर पुन्हा बोललो नसतो. त्या जेवत राहिल्या. डबा संपला, हात धुतला, झाकण लावलं.

"म्हणून माफी मागायला आलो, ताई."

"मले कायले माफी मांगता? मी सांगितला नाही, हे मले त माहीतच होता. ज्याइले माहीत नाही, त्याइले सांगा."

"मी लिहीन. पेपरात छापून देईन."

"आमच्या गावात पेपर भजे बांधाले येते."

"मग?"

"मंडईच्या दिवसी या. सगडे घरी रायतेत, पावने बी रायतेत. पावन्याइच्या समोर माहा नाव खराब झाला, पावन्याइच्या समोरच साफ होईल. माह्यावर बोट ठेवनारे तेवीस घरं आहेत. माह्या वहीत लिवली आहेत."

मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची गावजत्रा. लेकीबाळी, सोयरेधायरे येतात, दुपारपासून दुकानं लागतात, सोयरिकीची बोलणी बहुतेक तेव्हाच निघतात. अशा दिवशी तेवीस दारांत उभं राहून आपली चूक सांगायची. मी कमी बोलणारा माणूस. आयुष्यात कधी पाहुण्यांसमोर गणपतीची आरतीही मोठ्यानं म्हटलेली नाही.

गेलो. सकाळच्या एसटीनं गेलो. शकुनताई गावाच्या तोंडाशी उभ्या होत्या, खांद्याला तीच पिशवी. त्या पुढं, मी मागं. पहिल्या दोन दारांत माझी वाक्यं लटपटली, तिसऱ्यापासून सरळ येऊ लागली. "कागद शकुनताईंनी दाखवला नाही. मी उघडा ठेवला होता. ताईंनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो." एवढंच. जास्त समजावत बसलो की लोकांना वाटतं, हा सुटायला बघतोय.

नऊ नंबरच्या घरात एक म्हातारी होती, कानाशी हात धरून ऐकत होती.

"मंजे शकुननं नाही सांगितला?"

"नाही आजी."

"मंग आमी सहा वर्सं उगाच..." ती थांबली आणि आत ओरडली, "अवो, चहा ठेव शकुनसाठी!"

आतून आवाज आला, "आन त्या भाऊसाठी?"

म्हातारीनं मला वरून खालपर्यंत पाहिलं. "त्याच्यासाठी पानी."

सतरा नंबरला मामाची बहीण दारातच उभी राहिली. तिचे पाहुणे मागून डोकावत होते. "मोबाइलवर उघडाच होता त पाहिला माह्या भावानं. त्याची का चूक त्याच्यात?"

मी म्हटलं, "उघडं मी ठेवलं. आत हात त्यांनी घातला. या दोन वेगळ्या चुका आहेत बाई. मी माझी सांगायला आलोय."

तिनं दार लावलं नाही. शकुनताईंकडे मात्र पाहिलं नाही. शकुनताईंनी चौकटीवर बरोबरची खूण केली आणि पुढं निघाल्या. आता खुणा कशाला, असं मी विचारलं, तर म्हणाल्या, "सवय आहे. खूण नाही केली त काम झाल्यासारखा वाटत नाही."

एक्केचाळीस नंबर शेवटी ठेवलं होतं. मुलीचे वडील ओसरीवर बसले होते, बाजूला दोन पाहुणे. मी उभ्यानंच सांगितलं. या घरात मी यादीही सांगितली, एक, दोन, तीन. त्यांना तो हक्क होता. ते चौकटीवरच्या आकड्याकडे पाहत राहिले. गेरू फिका झाला होता, पण वाचता येत होता.

"झाला सांगून?"

"हो."

ते उठले, पाहुण्यांना आत घेतलं आणि दार लावून घेतलं. कडी घातल्याचा आवाज आला.

आम्ही वळलो, तेवढ्यात घराच्या बाजूनं, मागच्या सांदवाडीतून, म्हणजे परसातून, ती मुलगी आली. हात ओले, पदराला पुसत. तिनं सगळं ऐकलं होतं हे दिसत होतं. लग्न अजून झालेलं नाही, हे मला शकुनताईंनी वाटेत सांगून ठेवलं होतं.

"ते आता बंद आहे का?"

"बंद आहे."

"दाखवा."

"माझ्या फोनवर नको," मी म्हटलं. "तुमच्या फोनवर पाहा."

तिनं फोन काढला. सहा वर्षांपूर्वी शकुनताईंनी पाठवलेली लिंक तिनं जपून ठेवली होती. तिथंच उभं राहून तिनं ती दाबली. गावात आता नेटवर्क येतं. परवानगी नाही. तिनं घराचा आकडा खोडून चाळीस लिहिलं. परवानगी नाही. बेचाळीस. परवानगी नाही. सतरा. परवानगी नाही. मग ती ओळीनं सुरूच झाली, एक, दोन, तीन, चार. एकदाही माझ्याकडे पाहिलं नाही. मंडईच्या मैदानातून भोंग्यावर कुणाचं तरी पोर हरवल्याचं सांगत होते. मी रोज सकाळी हेच करतो, पण दुसऱ्या कुणाला करताना पहिल्यांदाच पाहत होतो. चहा गोड लागावा असं त्यात काही नव्हतं.

तेविसाव्या की चोविसाव्या घराला ती थांबली.

"नंबर मालूम असला तरी नाही उघडत?"

"तरी नाही. आता तुमचा अहवाल तुमच्याशिवाय कुणाला मिळणार नाही. तुम्हाला हवा असेल तर..."

"मले माहीत आहे त्यात का लिवला आहे ते," ती म्हणाली. मग दाराकडे पाहून, जरा हळू, "बाबा आज नाही बोलत. त्याइले मी सांगीन."

आणि ती आली तशी मागं गेली.

हा मजकूर छापायला देण्याआधी शकुनताईंना वाचून दाखवला. एक वाक्य त्यांनी काढायला लावलं. ते कोणतं, ते सांगत नाही. त्या मुलीचीही परवानगी त्यांच्यामार्फत घेतली. तिनं एकच निरोप पाठवला, गावाचं नाव घालू नका. मी घातलेलं नव्हतंच.

त्या दुपारी शकुनताईंनी पिशवीतून खडू काढला. चौकटीवर, फिकट एक्केचाळीसच्या खाली, सावकाश फुली काढली. खडू पिशवीत टाकला, हात झटकले.

"पुढच्या मंडईले या," त्या म्हणाल्या. "एक घर राहिला आहे."

हा अंक तुमच्या हातात पडेल, तेव्हा आमच्याकडे मंडईचे दिवस असतील. सकाळची एसटी मला ठाऊक आहे.